‘सगळे धरून’ म्हणजे नेमके काय धरून? सहकुटुंब बीच रिसॉर्टची निवड आणि तिथली सुट्टी

जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने 1950 साली स्पेनच्या मायोर्का बेटावरील अल्कुदिया येथे समुद्राकाठी सुट्टीची वसाहत उभारली. पाहुणे सैन्याकडून उरलेल्या जुन्या तंबूंत झोपत, लांब टेबलांवर एकत्र बसून जेवत आणि दिवसभर पोहत किंवा खेळत. या सगळ्याचे पैसे आधीच एकरकमी भरलेले असत. ‘क्लब मेड’ या नावाने पुढे जगभर पसरलेल्या या वसाहतींत एक गमतीची रीतही रूढ झाली होती. बारमधील पेयांचे पैसे पाहुणे गळ्यातल्या माळेचे मणी काढून देत, आणि हे मणी मात्र वेगळे विकत घ्यावे लागत. खिशात पाकीट नसले तरी खर्च होतच होता, असा त्याचा अर्थ. ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’, म्हणजे ‘सगळे धरून’ एकच दर, या कल्पनेला अशी एक कुंपणाची रेघ पहिल्यापासून आहे. कुटुंबासाठी रिसॉर्ट निवडताना ही रेघ कुठे ओढली आहे आणि आपली माणसे तिच्या कोणत्या बाजूला जास्त वेळ घालवणार आहेत, हे शोधणे हेच खरे काम असते. तलावाचे निळे फोटो पाहून ते होत नाही.

आधी स्वतःच्या कुटुंबाचा हिशेब

सर्वसमावेशक दर ही सवलत आहे असे समजण्यात गल्लत होते. तो सरासरीने ठरलेला दर असतो. काही पाहुणे दिवसातून पाच वेळा खातात, रात्री उशिरापर्यंत बारमध्ये बसतात आणि रोज होडी घेऊन पाण्यात उतरतात. काही जण सकाळी फळे खाऊन पुस्तक घेऊन सावलीत पडून राहतात. दोघांकडून घेतलेली रक्कम सारखीच असल्यामुळे दुसऱ्याच्या पैशांवर पहिल्याची चैन चालते. तुमच्या घरात मद्य कोणीच घेत नसेल, मुले जेमतेम चार घास खाणारी असतील आणि रोज बाहेर भटकायची हौस असेल, तर नुसत्या न्याहारीसह खोली घेणे बहुधा स्वस्त पडेल. याउलट दर तासाला भूक लागणारी दोन-तीन मुले बरोबर असतील, किंवा आजी-आजोबा आणि भावंडांची कुटुंबे मिळून बारा-पंधरा जणांचा गोतावळा निघाला असेल, तर बिल कोणी भरायचे हा प्रश्नच संपवणारी ही व्यवस्था पैशांपेक्षा मनःशांतीसाठी अधिक मोलाची ठरते. माझ्या मते तिचा सर्वात मोठा फायदा हाच आहे: आइस्क्रीम मागणाऱ्या मुलाला ‘आता पुरे’ म्हणायचे झाले, तर ते त्याच्या पोटाकडे पाहून म्हणता येते, खिशाकडे पाहून म्हणावे लागत नाही.

तुलना करताना जेवणाच्या योजनांची नावे नीट वेगळी करावीत. ‘हाफ बोर्ड’मध्ये न्याहारी आणि सहसा रात्रीचे जेवण असते, ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही जेवणे असतात, परंतु जेवणाबरोबरची पेये अनेकदा नसतात, ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’मध्ये पेये, मधल्या वेळचे खाणे आणि काही खेळ येतात. तुर्कस्तानच्या अंतल्या किनाऱ्यावर ‘अल्ट्रा ऑल-इन्क्लुझिव्ह’ अशी त्यावरची पायरीही सर्रास दिसते. ही नावे कायद्याने बांधलेली नाहीत, त्यामुळे एका रिसॉर्टचे ‘अल्ट्रा’ दुसऱ्याच्या साध्या योजनेपेक्षा कमी असू शकते. म्हणून नावावर न जाता दोन-तीन ठिकाणांचा पूर्ण मुक्कामाचा आकडा काढावा आणि त्यात कर, विमानतळापासूनची ने-आण आणि आपण हमखास करणार असलेल्या, पण यादीत नसलेल्या गोष्टींचा खर्च मिळवावा. रात्रीमागे स्वस्त दिसणारे ठिकाण एवढ्या बेरजेनंतर अनेकदा मागे पडते.

मुलांच्या दराचे नियम तर फारच निरनिराळे असतात. ‘मूल विनामूल्य’ या शब्दांखाली कोणत्या वयापर्यंत, किती मुले आणि किती प्रौढांच्या खोलीत, अशा तीन अटी असतात. वय बहुतेक ठिकाणी मुक्कामाच्या तारखेला धरले जाते. आरक्षणानंतर वाढदिवस येत असेल तर ते आधीच कळवावे. चौघांच्या कुटुंबासाठी ‘फॅमिली रूम’ सांगितली जाते तेव्हा तिसरा आणि चौथा पलंग खरा आहे की सोफ्याचा, आणि मधे दार आहे की नुसता पडदा, हे विचारून घ्यावे. आत एक दार असलेल्या दोन जोडखोल्या पुष्कळदा थोड्याच महाग पडतात, आणि मुले झोपल्यावर मोठ्यांना अंधारात कुजबुजत बसावे लागत नाही. ‘जोडखोल्या’ आणि ‘शेजारच्या खोल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या दाराची लेखी खात्री नसेल तर ते दार नाही असेच धरावे.

यादीत काय नाही, ते आधी वाचावे

रिसॉर्टच्या माहितीत काय मिळेल याची यादी ठळक अक्षरांत असते आणि काय मिळणार नाही ते बारीक अक्षरांत. दुसरी यादी आधी वाचावी. मुख्य बुफे सर्वांना खुला असतो; मात्र मेन्यूवरून मागवून खायच्या रेस्तराँमध्ये मुक्कामात ठरावीक वेळाच जाता येते, त्यासाठी आरक्षण लागते, आणि काही पदार्थांना जादा पैसे पडतात. पाण्यातल्या खेळांत कयाक, पॅडलबोर्ड आणि शिडाची छोटी होडी यांसारखे इंजिनाशिवायचे प्रकार सामान्यतः दरात धरलेले असतात. जेट स्की, पॅरासेलिंग आणि स्कूबा डायव्हिंग बहुधा नसतात. स्पा, रात्री मुलांना सांभाळणारी व्यक्ती, कपड्यांची धुलाई, खोलीतल्या फ्रिजमधील काही वस्तू आणि उशिरा खोली सोडण्याची मुभा यांचे पैसे सहसा वेगळे असतात.

वेळापत्रकही विचारावे. बार रात्री किती वाजता बंद होतो यापेक्षा दुपारी तीन ते सहा या वेळेत मुलांना पोटभर काय मिळते, हा प्रश्न कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. रात्रीचा बुफे सात वाजता सुरू होणार असेल आणि तुमचे तीन वर्षांचे मूल साडेसातला झोपत असेल, तर छापील यादी कितीही लांब असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. एखाद्याला शेंगदाणे, दूध किंवा ग्लूटेन चालत नसेल, अथवा कोणी कडक शाकाहारी असेल, तर आरक्षणापूर्वी ई-मेलने स्वयंपाकघराची पद्धत विचारावी. आलेल्या उत्तराचा रोख पाहूनच बरेच काही कळते. ‘काळजी नसावी’ एवढेच उत्तर आले तर काळजी करावी. कोणते पदार्थ वेगळ्या भांड्यात शिजवले जातात आणि पोहोचल्यावर कोणाला भेटायचे हे लिहून आले, तर तिथे ही गोष्ट खरोखर केली जाते असे समजावे.

आणखी एक खुलासा करून ठेवतो: काही रिसॉर्ट मुलांना घेतच नाहीत. 1981 साली जमैकातील माँटेगो बे येथे सुरू झालेल्या सँडल्स साखळीची ओळखच फक्त जोडप्यांसाठी अशी आहे. मालदीवमध्ये सगळ्या कुटुंबांना घेणारी, परंतु पाण्यावर खांबांवर उभ्या असलेल्या व्हिलांमध्ये लहान मुलांना मनाई करणारी रिसॉर्टही आहेत. कठड्याशिवायच्या लाकडी पायवाटा आणि खाली थेट पाणी हे पाहिले की ती मनाई योग्यच वाटते.

किनारा पाहून खोली घ्यावी

लोक खोल्यांची तुलना तासन्‌तास करतात आणि किनारा सगळीकडे सारखाच असतो असे गृहीत धरतात. खोली चारचौघींसारखी निघाली तर सुट्टी बिघडत नाही. समोरच्या समुद्रात उतरताच येत नसेल तर ती निश्चित बिघडते. मेक्सिकोतील लोस काबोस परिसरात अनेक आलिशान रिसॉर्टांसमोरचा समुद्र इतका खवळलेला आणि आत ओढणारा असतो की पाहुण्यांनी तो फक्त पाहायचा असतो. इजिप्तमधील शर्म अल-शेखला कित्येक हॉटेलांपुढे प्रवाळाचा कठडा किनाऱ्याला लागूनच आहे. त्यावरून बांधलेल्या लांब धक्क्यावरून चालत जाऊन थेट खोल पाण्यात उतरावे लागते. रंगीत मासे पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांना ते स्वर्गासारखे वाटेल, पण वाळूत खड्डे खणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तिथे करण्यासारखे काही नाही. त्याला उथळ, संथ आणि वाळूच्या तळाचे पाणी हवे. असे पाणी बहुधा प्रवाळाच्या बाहेरच्या रांगेने अडवलेल्या खाजणात किंवा जमिनीने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या उपसागरात मिळते. भूमध्य आणि कॅरिबियन समुद्रांत भरती-ओहोटीतला फरक लहान असतो. जिथे तो मोठा असतो, तिथे दुपारी पाणी शेकडो पावले मागे जाऊन चिखल किंवा खडक उघडे पडू शकतात, आणि रिसॉर्टच्या फोटोत मात्र कायम भरती असते.

ऋतूचा विचार किनाऱ्याबरोबरच करायचा. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर सर्वाधिक असतो. त्या काळात दर उतरतात, ते याच कारणाने. अरूबा, बोनेर आणि कुरासाव ही दक्षिणेकडची बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात आणि त्यांना तडाखा क्वचितच बसतो. त्याच समुद्रात 2011 पासून दुसरीही एक अडचण वाढली आहे. सारगॅसम नावाचे तपकिरी तरंगते शेवाळ वसंतापासून उन्हाळाअखेरपर्यंत लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन साचते आणि कुजू लागले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. वाऱ्याच्या तोंडावरच्या, म्हणजे मुख्यतः पूर्वेकडे पाहणाऱ्या किनाऱ्यांना त्याचा उपद्रव अधिक होतो. त्याच बेटाची पश्चिम बाजू त्या वेळी स्वच्छ असू शकते.

थायलंडचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळतो, तर थायलंडच्या आखातातल्या सामुई बेटावर मुसळधार पाऊस प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. एकाच देशातल्या या दोन किनाऱ्यांचे चांगले महिने वेगवेगळे आहेत. मालदीवचा कोरडा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश या अत्यंत विषारी प्राण्याचा धोका असतो, आणि तेव्हा जाळी लावलेल्या भागातच, तेही अंगभर पोशाख घालून, पोहायचे असते.

हे सगळे घरबसल्या तपासता येते. उपग्रहाच्या नकाशावर रिसॉर्ट आणि पाणी यांच्या मधे रस्ता आहे का, पाण्याचा रंग किनाऱ्यालगत फिकट आहे की लगेच गडद होतो, फेसाची पांढरी रेघ दूर प्रवाळावर आहे की थेट वाळूवर, हे दिसते. त्यानंतर आपण जाणार त्याच महिन्यात मागील वर्षी आलेल्या पाहुण्यांनी टाकलेले फोटो पाहावेत. सरासरी तारे किती आहेत याला मी फार किंमत देत नाही. ‘लहान मुले’, ‘लाटा’, ‘शेवाळ’, ‘बांधकाम’ हे शब्द घालून अभिप्राय शोधले की खरी माहिती हाती लागते. ‘समुद्राकडे तोंड’ आणि ‘समुद्राचे अंशतः दर्शन’ या खोल्यांच्या वर्णनांतही मोठे अंतर असते. दुसऱ्या प्रकारात गॅलरीच्या टोकाला उभे राहून मान वळवावी लागली तरी तक्रार करता येत नाही.

मुले, वडीलधारी माणसे आणि रिसॉर्टचा पसारा

मुलांना खेळवत सांभाळणारा किड्स क्लब आहे एवढ्यावर समाधान मानू नये. बहुतेक क्लब साधारण चार ते बारा वर्षांच्या मुलांना घेतात. त्याहून लहान मुलांसाठी पाळणाघराची सोय असलीच तर तिचे पैसे वेगळे असतात. एका काळजीवाहकामागे मुले किती, त्यांना प्रथमोपचार येतो का, मुलांना पाण्यात नेतात का, आणि मूल ताब्यात देताना ओळख कशी पटवतात, हे चार प्रश्न विचारावेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना रंगकामाच्या टेबलाशी बसवले तर ती दुसऱ्या दिवशी तोंडही दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा आणि बऱ्यापैकी वाय-फाय आहे का ते पाहावे.

वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत सर्वात दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे अंतर. मोठ्या रिसॉर्टमध्ये खोलीपासून जेवणघरापर्यंत दहा-पंधरा मिनिटे उन्हात चालावे लागते, आणि बॅटरीवर चालणारी गाडी बोलावल्यावर येईलच असे नाही. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट, तळमजल्यावरची खोली, न्हाणीघरातील आधाराचा दांडा आणि वाळूपर्यंत जाणारी फळ्यांची वाट यांची चौकशी करावी. आवारात डॉक्टर कोणत्या वेळी असतो आणि जवळचे मोठे रुग्णालय किती लांब आहे, हेही लिहून ठेवावे. बेटांवर हे उत्तर तासांत नव्हे, होडीच्या फेऱ्यांत मिळू शकते.

बेटाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. मालदीवमधील सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमाने, फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचे विमान राजधानी मालेला संध्याकाळी उतरत असेल आणि रिसॉर्ट दूरच्या प्रवाळद्वीपावर असेल, तर पहिली रात्र मालेजवळ काढावी लागते. रिसॉर्टच्या भरलेल्या रात्रींपैकी एक अशी वाया जाऊ नये यासाठी विमानाची वेळ पाहूनच मुक्काम ठरवावा. इतरत्रही विमानतळापासून दोन तासांहून जास्त वेळ बसने जायचे असेल, तर लहान मुलांसाठी तो प्रवास विमानापेक्षा कठीण जातो.

पैसे भरण्यापूर्वीची कागदपत्रे

या भागात रंजक काही नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. रद्द करण्याच्या अटी तारखेनिशी वाचाव्यात. वादळाच्या हंगामात जायचे असेल तर रिसॉर्ट पैसे परत देते की फक्त पुढची तारीख देते, ते पाहावे, आणि विमा आरक्षणाबरोबरच घ्यावा. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाचे नुकसान सहसा भरून देत नाही. अनेक देशांना पासपोर्ट प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिने वैध लागतो, आणि मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा लवकर संपत असल्याने पंचाईत बहुधा तिथेच होते. आई-वडिलांपैकी एकच जण किंवा आजी-आजोबा मुलांना घेऊन जाणार असतील, तर बरोबर नसलेल्या पालकांचे संमतिपत्र काही सीमांवर मागतात. विम्यात पाण्यातले खेळ धरले आहेत का, हे वाचायला कोणी थांबत नाही, थांबावे.

पहिली दुपार

खोली दुपारनंतर मिळते, पण बहुतेक रिसॉर्टमध्ये लवकर पोहोचलेल्यांना पाहुण्याची खूण म्हणून मनगटपट्टी बांधून जेवणघर आणि तलाव वापरू देतात. त्यामुळे हातातल्या पिशवीत सर्वांचे पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन आणि नेहमीची औषधे ठेवली, तर सामान खोलीत पोहोचेपर्यंत मुले पाण्यात असतात. याच वेळी मोठ्यांपैकी एकाने रेस्तराँची आरक्षणे करून टाकावीत, कारण संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे मुलांच्या सोयीची वेळ सर्वात आधी भरते. दुसऱ्याने आवारात एक फेरी मारून तलावांची खोली, जीवरक्षक कुठे असतात, रात्रीच्या कार्यक्रमाचा आवाज खोलीपर्यंत येईल का आणि बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, हे पाहून ठेवावे. खोली पसंत नसेल तर सामान उघडण्यापूर्वी, शांतपणे आणि नेमके कारण सांगून बदलून मागावी. पहिल्या दिवशी मान्य होणारी विनंती तिसऱ्या दिवशी तक्रार होते.

मेक्सिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या ठिकाणी स्वागतकक्षाजवळ एक हसतमुख माणूस तुम्हाला मोफत मालिश किंवा सहलीचे कूपन देऊ करील आणि बदल्यात उद्या सकाळी ‘छोटीशी माहिती’ ऐकायला बोलावील. ती टाइमशेअर (दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क) किंवा सदस्यत्व विकण्याची बैठक असते आणि नव्वद मिनिटे सांगून अर्धा दिवस खाते. नको असेल तर कारणे न देता नाही म्हणावे. कारण दिले की त्यावर उत्तर तयार असते.

पाणी, ऊन आणि थाळी

सुट्टीच्या मजेच्या गोष्टीत हा भाग गंभीर वाटेल, पण इथे दुर्लक्ष परवडत नाही. बुडणारे मूल हात हलवत ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी, हात बाजूंना पाणी दाबत, आणि आवाज मुळीच नाही, असे ते घडते. भोवती वीस नातेवाईक असले की ‘कोणीतरी बघत असेल’ असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्यक्षात कोणीच बघत नसते. म्हणून पाळी लावावी: पंधरा-वीस मिनिटे एकच मोठी व्यक्ती फक्त पाण्याकडे पाहील, हातात फोन नाही, पेला नाही, आणि पाळी संपल्यावर दुसऱ्याला तोंडाने सांगून उठेल. न पोहणारी मुले हाताच्या अंतरावर असावीत. फुगवायच्या दंडपट्ट्या आणि तरंगते प्राणी ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर तरंगत्या गादीवरचे मूल पाहता पाहता दूर जाते.

किनाऱ्यावरच्या झेंड्यांचा अर्थ मुलांनाही शिकवावा. हिरवा म्हणजे शांत समुद्र, पिवळा म्हणजे सावधगिरी, लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल झेंडे एकत्र असतील तर पाण्यात उतरण्यास बंदी, आणि जांभळा म्हणजे जेलीफिशसारख्या प्राण्यांचा वावर. अर्धा लाल, अर्धा पिवळा झेंडा जीवरक्षकांच्या देखरेखीखालचा भाग दाखवतो. आत ओढणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, अनेकदा लाटा फुटणाऱ्या दोन जागांच्या मधली शांत, गडद पट्टी म्हणून दिसतो. नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. बुडणाऱ्याला वाचवायला नुसत्या हातांनी उडी घेणारे आप्त स्वतःच बुडाल्याच्या घटना फार घडतात. आधी तरंगणारी वस्तू फेकावी आणि जीवरक्षकाला बोलवावे.

उन्हाचा त्रास पहिल्या दिवशीच होतो, कारण त्या दिवशी सर्वांना घाई असते. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के किरण परावर्तित करतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते. त्यापुढच्या आकड्यांनी फरक थोडाच पडतो, खरा फरक पडतो तो दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावण्याने. प्रौढाच्या पूर्ण अंगाला सुमारे 30 मिलिलिटर लागते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाची छोटी बाटली दोन दिवसही पुरत नाही. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे हा यावरचा सोपा उपाय. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे द्यावेत. पलाऊ या पॅसिफिकमधील बेटांच्या देशाने 2020 मध्ये प्रवाळाला घातक ठरणारी काही रसायने असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आणली. हवाईने 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. त्यामुळे जायच्या ठिकाणचा नियम पाहूनच बाटली घ्यावी.

बुफेत वैविध्य दिसते, पण पोट बिघडते ते वैविध्यामुळेच असे नव्हे. गरम पदार्थ 60 अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून जेवणघर उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जावे, वाफ निघत नसलेल्या गरम पदार्थांना हात लावू नये, समोर शिजवून देणाऱ्या काउंटरला पसंती द्यावी, आणि तलावाकाठी उन्हात ठेवलेल्या थाळ्या बघूनच सोडून द्याव्यात. पिण्याचे पाणी आणि बर्फ कशाचे आहे, हे एकदा विचारावे. क्षार-साखरेची पाकिटे बरोबर असावीत. मद्य आणि उष्ण ऊन यांची जोडी वाईट आहे; तलावातल्या बारवर बसलेल्या माणसाची पाण्यावर लक्ष ठेवण्याची पाळी त्या दिवशी मोजू नये.

वसुलीचा हट्ट सोडून

पैसे आधीच भरले की मनात एक कारकून जागा होतो. चौथा पदार्थ घे, तिसरा कार्यक्रम बघ, होडी फुकट आहे तर चालव, असे तो सांगत राहतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळे कुटुंब जेवून आणि धावून थकलेले असते. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट ठेवावी. सकाळी समुद्र, दुपारी झोप किंवा सावलीतले पत्ते, संध्याकाळी काय वाटेल ते. मोठ्या गोतावळ्यात सर्वांनी सर्व वेळ एकत्र राहिलेच पाहिजे, ही अट घालू नये. रात्रीचे जेवण एकत्र आणि बाकी ज्याची त्याची मर्जी, एवढा करार पुष्कळ भांडणे टाळतो. आई-वडिलांना एक संध्याकाळ मुलांशिवाय मिळावी, आणि आजी-आजोबांना आपण सुट्टीवर आलो आहोत, मुले सांभाळायला नव्हे, असे वाटावे, याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी.

एक दिवस मात्र कुंपणाबाहेर पडावे. भरलेले जेवण वाया जाते म्हणून जवळचे गाव, बाजार किंवा वनराई न पाहता परतणारी कुटुंबे मला कोड्यात टाकतात. सहल रिसॉर्टच्या टेबलावरून घेतली तर सोपी पण महाग पडते. बाहेरून घेतली तर परवाना, लाइफ जॅकेट आणि परतीची वेळ पाहून घ्यावी. पाण्याखाली मासे पाहताना प्रवाळावर उभे राहू नये, कासवांना हात लावू नये, आणि कासवे अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर रात्री टॉर्च लावू नये, कारण पिल्ले उजेडाकडे वळून समुद्राची दिशा चुकतात. मुलांना हे कारण सांगितले की ती नियम मोठ्यांपेक्षा कसोशीने पाळतात.

बक्षिसी दरात धरली आहे असे लिहिलेले असले, तरी रोज खोली आवरणारी बाई आणि मुलांचे नाव लक्षात ठेवणारा वाढपी यांना काही द्यावेसे वाटते. कुठे ती रूढ आहे, कुठे नियमाने मनाई आहे. स्वागतकक्षात विचारून छोट्या नोटा आधीच वेगळ्या ठेवाव्यात आणि शेवटच्या दिवसापर्यंत न थांबता सुरुवातीपासून थोडे थोडे द्यावे, कारण शेवटच्या दिवशी त्यांची सुट्टी असू शकते.

निघण्याच्या दिवशी खोली सहसा सकाळी अकरा-बारापर्यंत सोडावी लागते आणि विमान रात्रीचे असते. आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी विचाराव्यात: मनगटपट्टी किती वाजेपर्यंत चालते, आणि पाहुण्यांसाठी अंघोळीची सामायिक खोली आहे का. एक कोरडा पोशाख, टॉवेल आणि ओले कपडे ठेवण्याची पिशवी मोठ्या बॅगेत न बांधता हाताशी ठेवावी. लागोपाठ काही दिवस स्कूबा केलेल्या व्यक्तीने शेवटच्या डुबकीनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, म्हणून तिचा शेवटचा दिवस कोरडाच ठेवावा. त्या सकाळी तिच्याकडे मुलांना वाळूत किल्ला बांधायला मदत करण्याचे काम द्यावे.